वेळेवर दिलेले उत्तर

यंत्राने दिलेले उत्तर बरोबर असावे, ही अपेक्षा सर्वांचीच असते. परंतु उत्तर बरोबर असूनही ते उशिरा आले, तर त्याला बरोबर म्हणावयाचे काय? महिन्याच्या पगाराचा हिशेब करणाऱ्या संगणकाने दोन सेकंदांच्या जागी पाच सेकंद घेतले, तर कोणाचे काही बिघडत नाही. मोटारीची टक्कर होताच चालकापुढील हवेची पिशवी फुगविण्याचा निर्णय करणाऱ्या लहानशा संगणकाला मात्र अशी सवलत नसते. टक्कर होणे आणि चालकाचे मस्तक पुढे आदळणे यांत सेकंदाच्या काही शतांश भागांचेच अंतर असते. तेवढ्या अवधीत पिशवी फुगली तर माणूस वाचतो. त्यानंतर फुगली तर मागचे गणित कितीही अचूक असले तरी ते व्यर्थ होय. ज्या व्यवस्थेत उत्तराचा खरेपणा त्याच्या वेळेवरही अवलंबून असतो, तिला रिअल-टाइम व्यवस्था असे म्हणतात.

या नावामुळे एक गैरसमज पसरला आहे. रिअल-टाइम म्हणजे अतिशय वेगवान, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः वेग आणि वक्तशीरपणा हे दोन निरनिराळे गुण आहेत. दररोज ठरल्या वेळी पोहोचणारी पॅसेंजर गाडी आणि एरवी भरधाव धावणारी, पण आठवड्यातून एकदा दोन तास उशिरा येणारी जलद गाडी, या दोहोंपैकी ज्याला साडेदहाला कचेरीत हजर व्हावयाचे आहे तो पहिलीच पसंत करील. आजचे मोठे प्रोसेसर त्या जलद गाडीसारखे असतात. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते माहिती आधीच जवळ आणून ठेवतात. अंदाज खरा ठरला की काम झपाट्याने होते, चुकला की तेच काम कितीतरी पट वेळ घेते. त्यामुळे त्यांचा सरासरी वेग डोळे दिपविणारा असतो; पण एखादे काम फार तर किती वेळात होईल, हे छातीठोकपणे सांगणे अवघड जाते. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे, एवढ्या माहितीवर शहाणा माणूस पाण्यात उतरत नाही. रिअल-टाइम व्यवस्थेचा विचार नेहमी त्या नदीच्या सर्वांत खोल डोहापासून सुरू होतो.

हा विचार हाताने करून पाहण्यासाठी आज एक सुलभ साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे एफपीजीए जातीची चिप बसविलेला, तळहातावर मावणारा बोर्ड. नेहमीच्या चिपमधील मंडल कारखान्यातच कायमचे कोरलेले असते. एफपीजीएमध्ये तसे नसते. अमेरिकेतील रॉस फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये झायलिंक्स ही कंपनी काढली आणि १९८५ मध्ये या जातीची पहिली चिप बाजारात आणली. तीत तर्काची कामे करणारे अवघे ६४ ठोकळे होते. आज विद्यार्थ्यांच्या हाती सर्रास दिसणाऱ्या आर्टी ए-७ या बोर्डाच्या लहान प्रकारातही अशा तर्ककोष्टकांची संख्या २०,८०० आहे.

हे तर्ककोष्टक म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात सहा तारा आत येतात आणि एक बाहेर जाते. प्रत्येक तारेवर शून्य किंवा एक यांपैकी काहीतरी असणार. म्हणजे सहा तारांच्या मिळून ६४ स्थिती संभवतात. कोष्टकात तेवढेच ६४ खाने असतात आणि प्रत्येक स्थितीला काय उत्तर द्यावयाचे, ते त्या त्या खान्यात लिहिलेले असते. खान्यांतील मजकूर बदलला की त्याच कोष्टकाचे काम बदलते. हजारो कोष्टके, त्यांच्याशेजारी एकेक अंक धरून ठेवणाऱ्या कप्प्या आणि या सर्वांना हवे तसे जोडणारे मार्ग मिळून ही चिप बनते. शाळेतील फळ्याप्रमाणे ती पुसून पुन्हा लिहिता येते. वीज गेली की बहुतेक जातींत लिहिलेले पुसले जाते आणि वीज येताच शेजारच्या स्मृतीतून ते पुन्हा वाचून घेतले जाते.

या कोऱ्या फळ्यावर संपूर्ण प्रोसेसरदेखील लिहिता येतो. त्यासाठी प्रथम त्याची भाषा ठरवावी लागते, म्हणजेच कोणत्या आज्ञा त्याला कळाव्यात हे निश्चित करावे लागते. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१० मध्ये रिस्क-फाइव्ह नावाच्या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. हा संच सर्वांना खुला आहे. तो वापरण्यासाठी कोणाला परवाना-शुल्क द्यावे लागत नाही. त्याचा मूळ गाभा इतका आटोपशीर आहे की, चिकाटीचा विद्यार्थी त्या आज्ञा समजणारा साधा प्रोसेसर स्वतः रचू शकतो. रचना विशिष्ट भाषेत लिहावयाची, संगणकातील साधनाने ती कोष्टकांच्या मजकुरात उतरवावयाची आणि केबलमधून बोर्डावर पाठवावयाची. अशा प्रोसेसरचा ठोका बहुधा सेकंदाला काही कोटी एवढाच असतो. घरच्या संगणकाच्या मानाने तो फारच मंद म्हणावा लागेल. परंतु त्याची रचना साधी असल्यामुळे प्रत्येक आज्ञेला किती ठोके लागतील, हे आधी मोजता येते. रिअल-टाइम कामाला हा गुण वेगापेक्षा अधिक मोलाचा आहे.

प्रोसेसर सिद्ध झाला, तरी त्याला एका वेळी एकच काम करता येते. प्रत्यक्षात त्याच्यापुढे अनेक कामे असतात: मोटरचा वेग सांभाळावयाचा, तापमान वाचावयाचे, पडद्यावर आकडे दाखवावयाचे, बाहेरून आलेला संदेश घ्यावयाचा. ही कामे एकामागून एक अशा क्रमाने चक्राकार करीत राहिले, तर पडद्याचे संथ काम चालू असताना मोटरची निकड वाट पाहत बसेल. म्हणून या कामांवर देखरेख करणारा एक छोटा कार्यक्रम लागतो. त्यालाच रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास लिहावयास घेतलेली फ्रीआरटीओएस ही अशा व्यवस्थांपैकी फार प्रसार पावलेली एक होय. तीत प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा एक अंक दिलेला असतो, आणि नियम एकच असतो: जी कामे करावयास सिद्ध आहेत, त्यांतील सर्वांत वरच्या अग्रक्रमाचे काम या क्षणी चालू असलेच पाहिजे.

हा नियम पाळला जावा यासाठी प्रोसेसरला घड्याळ लागते. रिस्क-फाइव्हमध्ये त्याची योजना सुबोध आहे. एक गणक सतत वाढत राहतो. दुसऱ्या खान्यात पुढचा महत्त्वाचा क्षण लिहून ठेवावयाचा. गणक त्या आकड्याला पोहोचला की प्रोसेसरला व्यत्यय येतो; चालू काम जेथे थांबले तेथील पत्ता आपोआप टिपून ठेवला जातो आणि नियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते. प्रोसेसरमध्ये कामचलाऊ आकडे ठेवण्याच्या ३२ जागा असतात. त्यांतील एक कायम शून्यच असते. उरलेल्यांतील मजकूर त्या कामाच्या नावे स्मृतीत जमा केला जातो, वरच्या अग्रक्रमाच्या कामाचा पूर्वी ठेवलेला मजकूर परत भरला जातो आणि ते काम जणू मध्ये काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालू होते. हे सारे बहुधा सेकंदाला १,००० वेळा घडते. ठोका सेकंदाला १० कोटी असेल, तर दोन व्यत्ययांमध्ये एक लाख ठोके मिळतात आणि अदलाबदलीत त्यांचा अल्पसा भागच खर्च होतो.

नव्याने लिहिलेल्या प्रोसेसरवर अशी व्यवस्था चालू करण्याचे काम पायरीपायरीने करावे लागते. प्रथम एकच अक्षर बोर्डाबाहेर पाठवून पाहतात. ते उमटले म्हणजे प्रोसेसर आज्ञा वाचतो, हे सिद्ध झाले. मग व्यत्यय येतो की नाही, ते तपासतात. त्यानंतर दोन कामे निर्माण करून त्यांची अदलाबदल होऊ देतात. बोर्डावरील दोन दिवे वेगवेगळ्या लयीत उघडमीट करू लागले की व्यवस्था उभी राहिली. ऑपरेटिंग सिस्टिमचा बराचसा भाग कोणत्याही प्रोसेसरवर तसाच चालतो. आकडे जमा करणे आणि परत भरणे, हा छोटा तुकडा मात्र त्या त्या प्रोसेसरसाठी निराळा लिहावा लागतो. गणक कोणत्या पत्त्यावर आहे आणि तो सेकंदाला किती वेळा वाढतो, हेही तिला सांगावे लागते.

या शेवटच्या आकड्यात धोका दडलेला आहे. गणक सेकंदाला पाच कोटी वेळा वाढत असताना तो दहा कोटी वेळा वाढतो असे लिहिले गेले, तर कोठेही चूक दाखविली जात नाही. सर्व कामे चालतात, उत्तरे बरोबर येतात. फक्त यंत्राचा एक सेकंद हा जगाचे दोन सेकंद असतो. दर सेकंदाला लुकलुकावयाचा दिवा दोन सेकंदांनी लुकलुकतो, एवढीच खूण. मनगटावरच्या घड्याळाशी तो ताडून पाहण्याची तसदी घेतली नाही, तर ही चूक तशीच पुढे जाते.

काळ मोजण्यातील चूक किती महाग पडू शकते, याचा दाखला आखाती युद्धात मिळाला. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर कोसळले आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. तेथे पॅट्रियट ही संरक्षणयंत्रणा सज्ज होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत चाले. एक दशांश ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही. २४ अंकांनंतर तिचे शेपूट तोडलेले होते. ही त्रुटी कणभर होती. पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिली होती आणि तेवढ्या काळात ती साचून सेकंदाच्या एकतृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने त्याला आकाशात शोधले, पण चुकीच्या जागी. दुरुस्त केलेला कार्यक्रम धहरानला पोहोचला तो दुसऱ्या दिवशी.

घड्याळ बरोबर असले, तरी सर्व कामे आपापल्या मुदतीत होतील याची हमी कशी द्यावी, हा प्रश्न राहतोच. सी. एल. लिऊ आणि जेम्स लेलँड यांनी १९७३ मध्ये त्याचे गणिती उत्तर दिले. जे काम अधिक वारंवार येते त्याला वरचा अग्रक्रम द्यावा, हा त्यांचा नियम. कामे परस्परांवर अवलंबून नसतील आणि प्रत्येकाची मुदत म्हणजे त्याची पुढची पाळी असेल, तर प्रोसेसरचा किती वेळ कामात गेला असता एकही मुदत चुकणार नाही, याची सीमा त्यांनी सिद्ध केली. दोन कामांसाठी ती सुमारे ८३ टक्के, तिहींसाठी ७८ टक्के, आणि कामे कितीही वाढली तरी सुमारे ६९ टक्के येते. समजा, मोटरचे काम दर ५ मिलिसेकंदांनी येते आणि १ मिलिसेकंद घेते. तापमानाचे दर २० मिलिसेकंदांनी येऊन ४ घेते. पडद्याचे दर १०० मिलिसेकंदांनी येऊन ३० घेते. त्यांचा भार अनुक्रमे २०, २० आणि ३०, म्हणजे एकूण ७० टक्के झाला. तो ७८ च्या आत असल्यामुळे ही तिन्ही कामे नेहमी वेळेवर होतील, हे कागदावरच सांगता येते. येथे प्रत्येक कामाचा वेळ म्हणजे त्याला लागू शकणारा जास्तीत जास्त वेळ, हे विसरून चालत नाही. वक्तशीरपणाची किंमत म्हणून काही वेळ मोकळा ठेवावा लागतो. पुरा वेळ भरून टाकणारी व्यवस्था अडचणीच्या दिवशी वचन मोडते.

कामे परस्परांवर अवलंबून असली की नवीच अडचण उभी राहते. एखाद्या जिल्हा कचेरीत टेबल एकच आहे, अशी कल्पना करावी. कनिष्ठ कारकून त्या टेबलावर एका नोंदवहीत लिहीत आहे. जिल्हाधिकाऱ्यांना तीच नोंदवही तातडीने हवी आहे. चालू नोंद पुरी होईपर्यंत ते थांबतात, यात वावगे काही नाही. इतक्यात मधल्या दर्जाचा एक अधिकारी येतो आणि आपल्या दौऱ्याचा लांबलचक अहवाल लिहिण्यासाठी कारकुनाला टेबलावरून उठवितो. कारकून कनिष्ठ, तेव्हा त्याने उठावयास हवे. पण नोंदवही अर्धवटच राहते आणि जिल्हाधिकारी एका दुय्यम कामासाठी तिष्ठत बसतात. प्रत्येकाने नियम पाळला, तरी परिणाम नियमाच्या नेमका उलट झाला. संगणकशास्त्रात या अवस्थेला अग्रक्रमाची उलथापालथ म्हणता येईल.

अशी उलथापालथ प्रत्यक्षात मंगळावर घडली. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी तेथे उतरले. त्यानंतर काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनमधून आपणहून पुन्हा सुरू होऊ लागला आणि त्या दिवशीची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जाऊ लागली. यानाच्या अंतर्गत दळणवळणाचे काम वरच्या अग्रक्रमाचे होते आणि ते सेकंदाच्या आठव्या भागाच्या फेरीने चाले. हवामानाची माहिती गोळा करणारे खालच्या अग्रक्रमाचे काम त्याच्याशी सामाईक असलेले एक कुलूप क्षणभर हाती धरी. कधीतरी नेमक्या त्याच क्षणी मधल्या अग्रक्रमाची कामे पुढे येत. हवामानाचे काम बाजूला पडे आणि दळणवळणाचे काम खोळंबे. ते मुदतीत झालेले नाही, असे आढळताच यंत्रणा सुरक्षिततेसाठी सर्वच पुन्हा सुरू करी.

अभियंत्यांनी यानाची हुबेहूब प्रतिकृती पृथ्वीवर चालवून ही स्थिती पुन्हा घडवून आणली, तेव्हा कारण सापडले. उपाय ज्ञातच होता. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली होती: वरच्या कामाला हवे असलेले कुलूप ज्या खालच्या कामाच्या हाती आहे, त्याला तेवढ्यापुरता वरच्याचाच अग्रक्रम द्यावा. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, ती नोंदवही हाती असेपर्यंत कारकुनाला जिल्हाधिकाऱ्यांचा दर्जा. मग त्याला कोणी उठवू शकणार नाही. यानावरील ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही सोय होती. त्या एका कुलपापुरती ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू करण्यात आली आणि यान सुरळीत चालू लागले.

अशा अडचणींचा शोध घेण्यासाठी एफपीजीएचा बोर्ड विशेष उपयोगी पडतो. ज्या चिपवर प्रोसेसर लिहिला आहे, त्याच चिपवर त्याचा पाळतदारही लिहिता येतो. व्यत्यय आल्यापासून काम सुरू होईपर्यंत किती ठोके गेले, हे मोजणारा आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा जपून ठेवणारा एक स्वतंत्र गणक शेजारी बसवावयाचा. प्रोसेसरला त्याचा काडीमात्र भार पडत नाही. व्यवस्था चार दिवस चालू ठेवावी आणि मग तो आकडा वाचावा. शिवाय कामांची वाटणी करण्याचेही स्वातंत्र्य मिळते. मोटरला द्यावयाच्या विद्युत्-स्पंदनांची लांबी जेथे नॅनोसेकंदांत सांभाळावयाची आहे, तेथे ते काम सरळ कोष्टकांच्या मंडलावर सोपवावे. वेग किती ठेवावयाचा याचा निर्णय मिलिसेकंदांचा, तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे द्यावा. कोणते वचन कोणी पाळावयाचे, हे ठरविणे रचनाकाराच्या हाती येते.

भारताच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक बाजू आहे. मद्रासच्या आयआयटीमध्ये रिस्क-फाइव्हवर आधारलेल्या शक्ती या प्रोसेसर-मालिकेचे काम झाले आहे. तिच्यातील लहान वर्गाचा प्रोसेसर फ्रीआरटीओएससारख्या व्यवस्था चालविण्यासाठीच योजिलेला आहे आणि तो आर्टी ए-७ बोर्डावर उतरविता येतो. त्या रचनेला पिनाक असे नाव दिलेले आहे. २०१८ मध्ये शक्तीची चिप प्रथम अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात आणि त्याच वर्षी मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने वेगा ही दुसरी मालिका सिद्ध केली. २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वदेशी मायक्रोप्रोसेसर चॅलेंज ही स्पर्धा जाहीर केली, तेव्हा स्पर्धकांना या दोन्ही मालिकांतील प्रोसेसर एफपीजीए बोर्डांवर उतरवून काम करावयाचे होते.

चिपचा कारखाना उभारण्यास हजारो कोटी रुपये लागतात आणि तो प्रत्येक शहरात निघणार नाही. परंतु प्रोसेसर कसा विचार करतो, त्याच्यावरील व्यवस्था वेळ कशी वाटते आणि तिचे वचन कोठे मोडू शकते, हे ज्ञान एका बोर्डाच्या साहाय्याने नांदेडच्या किंवा तेजपूरच्या महाविद्यालयातही मिळविता येते. त्याची गरजही मोठी आहे. आगगाडीचा सिग्नल, रुग्णालयातील श्वसनयंत्र, विजेच्या जाळ्यावरील संरक्षक साधने ही सर्व आज अशाच लहान संगणकांच्या स्वाधीन आहेत. बाहेरून आणलेली पेटी चालविणे आणि ती आतून जाणणे यांत अंतर आहे. जो आतून जाणतो तोच ती बिघडल्यावर दुरुस्त करू शकतो आणि ती विश्वासास पात्र आहे की नाही, हे बिघडण्यापूर्वी सांगू शकतो.

या शास्त्राने दिलेली कसोटी साधी, पण कठोर आहे. एखादी व्यवस्था बहुतेक वेळा वेळेवर असते, एवढे प्रशस्तिपत्र तेथे पुरत नाही. सर्व कामे एकदम अंगावर आली, नोंदवही नेमकी दुसऱ्याच्या हाती असली आणि घड्याळ शंभर तास न थांबता चालले, अशा दिवशी तिने काय केले, हे विचारले जाते. त्या दिवसाचा हिशेब आधी मांडून ठेवणे, एवढेच माणसाच्या हाती असते. आणि तो मांडण्याचे सामर्थ्य आता तळहाताएवढ्या बोर्डावर कोणाही जिज्ञासूला कमावता येते.